मोटार कुणाची

खंडेनवमीची पूजा चालली होती. मी कामाला होतो त्या नगरच्या वर्कशॉपात लेथ, ड्रिल, पक्कड, सगळ्यांना झेंडूच्या माळा. मधल्या पाटावर माझी मोटार. लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं घेऊन मी केलेली, बोराएवढी. बटण दाबलं की ती अर्धी फिरायची आणि कॅमेऱ्याचं शटर उघडायचं. मालकांनी तिला हळदकुंकू वाहिलं. मी पुढं सरकलो तसे म्हणाले, "तू तिथूनच हात जोड."

महारवाड्यातल्या माणसानं पूजेला शिवायचं नव्हतं. महिनोन्‌महिने माझ्या हातात होती तेव्हा मोटार बाटली नाही. पूजा झाल्यावर बाटणार होती!

वर मालक पाहुण्यांना सांगत होते, "डोकं माझं, हात याचे. पेटंटसाठी माझ्या नावानं अर्ज केलाय." मला हे तेव्हा कळलं. डोक्यात सणक गेली. मालकांनी माझ्या ओंजळीत उंचावरून पेढा सोडला. मी हात मागं घेतले. पेढा फरशीवर पडला.

"माज आलाय का रे?"

"मोटार म्या केलीय. अर्जावर नाव माझं पायजे."

त्याच दिवशी काम सुटलं. मी अर्जाला हरकत घेतली. मुंबईच्या पेटंट कचेरीत त्यांचा वकील म्हणाला, "हा कामगार. सांगितलं तेवढं करायचा." खोटं. साफ खोटं. पण मालकांना खुर्ची मिळाली, मला दाराजवळ उभं केलं. हरकत फेटाळली. आमच्या समाजातल्या एका वकिलानं फी न घेता हायकोर्टात अपील दाखल करून दिलं.

मग मालक स्वतः माझ्या गावी, कोल्हारला आले. घराबाहेरच थांबले. बायको म्हणाली, "आत या की. हितंच बसून तारा गुंडाळायचे ह्ये."

"घाई आहे," मालक म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "अपील मागं घे. तुला फोरमन करतो. कोर्टात तुझं कोण ऐकणार?"

चूल बायकोच्या मजुरीवर पेटत होती. मोह झाला, खोटं कशाला बोलू. मी तिच्याकडं बघितलं.

"माज्याकडं काय बघता?" ती म्हणाली. "सांगा त्यास्नी."

"अपील मागं घेनार न्हाई," मी म्हणालो.

निकाल लागायचाय. विरुद्धही जाईल. इथवर मी त्याला मालक म्हणालो, जुनी सवय. आता म्हणणार नाही. तो चोर आहे, आणि हे मी कोर्टात उभा राहून सांगणार आहे.