कुठली दाढ?

अर्धांगाच्या झटक्यानंतर वडिलांकडे, आमच्या दादांकडे, एकच शब्द उरला होता, ‘बरं’. सेलूच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. आई आणि मी त्यांच्या सुरावरून अर्थ काढायचो.

त्या रविवारी सकाळी त्यांनी वरणभाताचं ताट डाव्या हातानं ढकलून दिलं. आईला वाटलं, मीठ कमी पडलं. तिनं मीठ घालून पुन्हा घास पुढं केला. त्यांनी ओठ गच्च मिटले आणि तळहात गालावर दाबून धरला. उजवा गाल सुजलेला होता.

“अहो, दाढ दुखायलीय का?” आईनं विचारलं.

“बरं.”

गावातला दातांचा दवाखाना बंद होता. नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळं साधी तापाची गोळी सोडून दुखण्यावरचं दुसरं काही देऊ नका. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला लावा, उद्या दाखवून घ्या.

गुळण्या! मी चूळ भरून दाखवली, बादलीत थुंकून दाखवली. त्यांनी शहाण्या मुलासारखा घोट घेतला आणि गिळला. त्याबरोबर असा ठसका लागला की त्यांचे डोळे पांढरे झाले. आई पाठ चोळत राहिली. मी तांब्या बाजूला ठेवला, गुळण्यांचा नाद सोडला.

मग लवंगेचं तेल. कापसाचा बोळा बुडवला खरा, पण लावायचा कुठं? मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं, तर मागच्या दोन-तीन दाढा सारख्याच काळ्या.

“दादा, इथं दुखायलंय?”

“बरं.”

“का इथं?”

“बरं.”

अंदाजानं खालच्या दाढेला बोळा लावला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तेल झोंबलं की दाढ ठणकली, कसं कळावं? मी बोळा काढून घेतला.

“तवा तापवून फडक्यानं शेका की,” शेजारच्या काकू म्हणाल्या. आईनं नको म्हटलं. शेकल्यानं सूज वाढली तर काय घ्या. तिनं बर्फाचा खडा त्यांच्या उपरण्यात गुंडाळून गालावर धरला. तेवढं मात्र त्यांनी धरू दिलं. तापाची गोळी दह्यात कुस्करून चाटवली. दुपारी जरा डोळा लागला, पण झोपेतही ते कण्हत होते. आई बर्फ बदलत होती. मी पंख्याखाली नुसता बसून होतो, करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

सोमवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरशानं तपासलं. पू वरच्या दाढेत होता. आम्ही खालच्या दाढेला तेल लावत बसलो होतो. त्यांनी पू काढला. तोवर वडिलांनी माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. चार दिवसांनी, झटक्याच्या डॉक्टरांना विचारून, दाढ काढली.

आता ते पुन्हा जेवतात. पण कधीकधी मधेच घास थांबतो, ते भिंतीकडं बघत राहतात. आई ताट खाली ठेवते, मी उठून जवळ जातो. काय दुखतंय ते विचारतो. मग आम्ही दोघंही त्यांच्या तोंडाकडं बघत उभे राहतो.