जनरेटरची पांढरी पाच

गिटारचा प्रोसेसर म्हणजे काय, हे आमच्या गावात समजावून सांगताना माझा जेवढा घसा कोरडा झाला, तेवढी बोटं तो वाजवतानाही दुखली नसतील. पायाशी ठेवायचा एक चपटा डबा. एका बाजूने गिटारची वायर आत घालायची, दुसऱ्या बाजूने काढून अॅम्प्लिफायरला द्यायची, आणि मधल्या मधे आवाजाचं काय वाट्टेल ते करायचं. घुमवायचा, फाडायचा, लांबवायचा. आत म्हणे परदेशातल्या नामांकित अॅम्प्लिफायरांच्या नकला भरल्या होत्या. मी हे हातवारे करून सांगायचो आणि ऐकणारा शेवटी विचारायचा, "याच्यावर रेडिओ लागते का?"

माझी मोठीमाय, म्हणजे थोरली काकू, तर त्याला सरळ पाटा म्हणायची. आकार तसाच होता, वजनही फार कमी नव्हतं. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या अलीकडचं. धान आणि नदीतले मासे यांवर चालणारं. तिथून सायकलने गोंडपिपरीला, तिथून एसटीने चंद्रपूरला जाऊन मी एका ऑर्केस्ट्रात वाजवायचो. दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. नागपूरहून तो डबा आणला तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत असा डबा असलेला मीच एकटा, अशी माझी खात्री होती. चौकशी मी केली नव्हती. चौकशी केली की खात्री राहत नाही.

पहिल्याच लग्नात डब्याने माझी लाज काढली. नवरा-नवरी समोरासमोर उभे, मंगलाष्टकं सुरू झालेली, आणि मागे मंद सूर धरायचं काम माझ्याकडे. मी ऐटीत पायाने बटण दाबलं. डब्यात प्रत्येक आवाजाचं वेगळं घर असतं; माझं एक घर चुकलं. शेजारच्या घरात कुणा परदेशी पोरांसाठी भरलेला, लोखंडी पत्रा करवतीने कापावा तसा आवाज होता. अंतरपाट धरणाऱ्यांपैकी एकाने तो सोडून दिला. भटजी थांबले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. वधूचे मामा मात्र जेवणं होईपर्यंत माझ्याकडे बघत होते.

मग दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, विळे, जाळी, सायकल, सगळ्यांची पूजा होते. मीही डबा मांडून ठेवला. मोठीमायने इतरांना वाहिलं तसंच त्यालाही हात न आखडता हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. नारळ मी वेळेवर अडवला. दुसऱ्या दिवशी डबा बोलेना. बोलला तर खरखरायचा, भुईमुगाच्या शेंगा तुडवल्यासारखा. मी वायर बदलली, गिटार उघडली, वीज कमी येते म्हणून शेजाऱ्यांच्या पंपाला दोष दिला, अॅडॉप्टर विकणाऱ्या दुकानदाराचा उद्धार केला. आठवडाभर हेच. शेवटी डबा खोलला तर आवाजाच्या बटणाखाली कुंकू, आणि वायर घालायच्या भोकात खोल एक अक्षत, अगदी अख्खी. तांदूळ चिमट्याने काढून मी मोठीमायला दाखवला. ती म्हणाली, "एवढा शिकला, अन् तांदूळ दिसला नाई तुले?" वर पुन्हा, देवाचा आहे, फेकू नको म्हणून सांगितलं.

एक भूत मात्र काही केल्या उतरेना. घूं. गिटारच्या तारांखाली जी लोहचुंबकं असतात ती आजूबाजूच्या विजेचा घुंगाट पकडतात. ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइट, जनरेटर, जे असेल ते. डब्यात त्यावर उपाय होता, नॉइज गेट नावाचा. म्हणजे दारवान. आवाज ठरावीक मापापेक्षा बारीक झाला की हा दार बंद करतो. घुंगाट बाहेरच राहतो. आमच्याकडची वीज अशी, की मी दारवानाला शेवटच्या टोकापर्यंत कडक करून ठेवला होता आणि नंतर विसरून गेलो होतो.

आता मार्कंड्याच्या जत्रेकडे येतो, कारण मला जे सांगायचं आहे ते तिथलं आहे.

मोठीमायचं बायांचं भजन मंडळ होतं. सात-आठ जणी; कुणी धानाच्या रोवणीला जाणाऱ्या, कुणी मासे विकणाऱ्या. टाळ, खंजिरी, आणि पेटीवर गावातलेच एक वयस्क भाऊ. महाशिवरात्रीला ह्या बाया दरवर्षी नदी ओलांडून मार्कंड्याला जायच्या आणि वाळूवर बसून गायच्या. वाळूवर कुणीही गाऊ शकतं. मंडपात मात्र मंडळाला बोलवावं लागतं, आणि ह्यांना कधी कुणी बोलवलं नव्हतं. त्या वर्षी बोलवलं. दुपारची वेळ दिली. महिनाभर मोठीमाय चुलीपुढेही गात होती. घरात भाजी करपली तरी कुणी बोलत नव्हतं.

मला तिने नेलं नाही, मीच गेलो. गिटार आणि डबा घेऊन. जत्रेत ओळखीचे भेटतात, दाखवता येतं, एवढाच स्वच्छ हेतू.

डोंग्यातून पलीकडे जाताना एक रीत आहे. देवळाचं शिखर दिसलं की सगळ्यांनी हात जोडायचे. बसून जोडले तरी चालतात, पण त्या दिवशी उत्साह जास्त होता. सगळे एकदम उठून एकाच बाजूला वळले. डोंगा कलला. माणसं सावरली, पेटी घसरत गेली आणि पाण्यात पडली. मी एकटा बसून होतो, कारण मांडीवर पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला डबा होता. पाणी कमरेएवढंच होतं, पेटी लगेच बाहेर काढली. भाऊंनी भाता दाबला तर सुरांऐवजी वैनगंगा बाहेर आली. पट्ट्या फुगून बसल्या. भाऊ वाळूवर पेटी उघडून, तिला उन्हात धरून बसले. आजारी माणसाला बसवतात तसं.

मंडपात ध्वनिक्षेपकाचं सगळं बघणारा एक माणूस होता. तोच वेळाही सांभाळायचा. वाईट नव्हता, पण नियमाचा होता. पेटी नसेल तर सूर कोण देणार, असं त्याने विचारलं. मागचं मंडळ तयार आहे, त्यांना बसवतो, तुम्ही पुढच्या वर्षी या. मोठीमाय भांडणारी बाई. माझ्या वडिलांना ती भर चौकात बोलायची. पण त्या माणसासमोर ती टाळांची जोडी पदरात गुंडाळायला लागली. ते बघून माझं तोंड उघडलं.

"पेटी माया डब्यात हाय," मी म्हणालो.

नव्हती. डब्यात परदेशातले अॅम्प्लिफायर होते, पत्रा कापायची करवत होती, पेटी कुठेही नव्हती. पण त्या माणसाने घड्याळाकडे बघून सांगितलं, सध्या बसलेल्यांचं भजन संपेपर्यंत दाखव.

मंडपामागे, जनरेटरच्या धुरात, मी कानाला हेडफोन लावून पेटी बांधायला बसलो. आणि इथे मी थोडी फुशारकी मारणार आहे. वर्षभर रात्रंदिवस त्या डब्याच्या आतड्यांत बोटं घालून जे शिकलो, ते सगळं कामाला आलं. आधी परदेशी अॅम्प्लिफायर बंद केले. तार छेडली की 'टण्ण' होतो, तो काढायला आवाज हळूहळू उगवेल असं केलं. मग तो लवकर मरू नये म्हणून दाबून लांबवला. मग एकाचे दोन केले, किंचित बेसूर, कारण पेटीचे दोन सूर कधीच पूर्ण जुळत नाहीत आणि त्यातच तिची गोडी. झाली पेटी. सर्दी झालेली, पण पेटी.

आधीच्या मंडळाने टाळ ठेवले. आम्ही बसलो, डब्याची वायर मंडपाच्या स्पीकरला दिली. मोठीमायने खाली बसूनच तिची पहिली ओळ हळू आवाजात धरली, मी सूर दिला. सूर उगवला, आणि मधेच गायब. पुन्हा दिला, पुन्हा गायब. विहिरीत बादली पडावी तसा. मी वायर हलवली. बॅटऱ्या दाबल्या. भोकात पुन्हा तांदूळ गेला की काय म्हणून फुंकर मारली. मागे बसलेल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. नियमवाला माणूस पायरीशी येऊन उभा राहिला.

"काऊन रे, मरते का ते?" मोठीमायने ओठ न हलवता विचारलं.

तेव्हा मला दारवान आठवला. मीच कडक करून ठेवलेला. सूर बारीक होताच तो इमानाने दार लावत होता. मी त्याला काढून टाकलं. सूर टिकला, पण त्याच्या मागोमाग आख्ख्या मंडपाच्या जनरेटरचा घुंगाट आत शिरला, आणि मी आवाज लांबवायची जी सोय केली होती तिने त्यालाही उचलून डोक्यावर घेतलं. घूंऽऽ. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने कानावर हात ठेवला.

गिटार हातात धरून फिरलं की घुंगाट कमी-जास्त होतो, हे मला माहीत होतं. मी बसल्या जागी फिरू लागलो. चारी दिशांना. लोकांना वाटलं, हा देवाला प्रदक्षिणा घालतो आहे. अर्धा कमी झाला, पूर्ण जाईना. घाबरून मी सूर तपासायचं बटण दाबलं. त्याने छोट्या पडद्यावर, जी तार वाजेल तिचा सूर दिसतो. मी तारेला हात लावला नव्हता. तरी पडद्यावर एक अक्षर स्थिर उभं होतं. जी.

आधी वाटलं, डबा बिघडला. मग डोक्यात उजेड पडला. जी म्हणजे आपली पांढरी पाच, पेटीची पाचवी पांढरी पट्टी. मोठीमाय गात आली ती पेटीवरच्या पांढरी पाचमध्येच. जनरेटर पांढरी पाच गात होता. थोडा चढा, पण गात होता. वर्षभर मी ज्याला हाकलत होतो तो सुरात होता, मीच खाली होतो.

मी सगळ्या तारा जनरेटरच्या सुराला जुळवल्या. मोठीमायला सांगितलं, "हा जो घुंगाट चालला हाय ना, तोच सा. त्याच्यातून उचल."

"मशीनचा?"

"जनरेटरचा."

तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं. महिनाभराची तयारी एका डिझेलच्या इंजिनावर सोपवायची होती. मग तिने डोळे मिटले आणि उचललं.

घुंगाट नाहीसा झाला. म्हणजे होता, पण आता तो तिच्या आवाजाखाली तंबोऱ्यासारखा पसरला होता, आणि कुणालाच वेगळा ऐकू येईना. मी लोकांकडे पाठ करून वाजवत होतो, कारण त्याच दिशेला घुंगाट मापात राहत होता. पहिल्या भजनात माझा उगवता सूर प्रत्येक मात्रेला उशिरा पोचला आणि खंजिरीवालीने मला दोनदा कोपराने ढोसलं. दुसऱ्यापासून मी शहाणा झालो. मोठीमाय एकटी गायची तेव्हा फक्त सा धरून बसायचो. बाया मागून उचलायच्या तेव्हा त्यांच्या गर्दीत चाल वाजवायचो. गर्दीत उशीर खपतो. वाळूवरून पेटीवाले भाऊ उठून मंडपाच्या दाराशी आले होते. लोक मागून सरकत पुढे येत होते. वेळ संपली तरी नियमवाला माणूस आला नाही. तो खांबाला टेकून उभा होता.

आणि शेवटच्या भजनाच्या मध्यात जनरेटरचं डिझेल संपलं.

सगळं एकदम बंद. माइक, स्पीकर, माझी पेटी, तिच्याखालचा तंबोरा. डब्यात बॅटऱ्या होत्या, त्याचा दिवा लुकलुकत होता, पण आवाज बाहेर काढायला काहीच नव्हतं. मी वेड्यासारखा मुकी तार छेडत राहिलो. मोठीमायने डोळेसुद्धा उघडले नाहीत. तिने ओळ पुढे नेली. बायांनी मागून उचलली. टाळ, खंजिरी आणि सात-आठ गळे. मंडप एवढा शांत की शेवटच्या रांगेतलं लेकरू कुरकुरलं तेही ऐकू आलं. मला एकच धास्ती होती. आधार सुटला की गाणारा हळूहळू खाली घसरतो. मी कान लावून घसरण शोधत होतो.

मागे कुणीतरी डिझेल ओतलं, दांडा फिरवला. इंजिन खोकलं, धडधडलं, आणि घुंगाट पुन्हा सुरू झाला; आधी अगदी खालून, म्हशीसारखा, मग वेग घेत चढत, चढत, वर. मोठीमाय तेव्हा ओळीच्या शेवटच्या सुरावर थांबली होती, लांब. घुंगाट खालून आला आणि बरोबर तिथे येऊन तिला मिळाला. केसाचाही फरक नव्हता. तिच्यात आणि इंजिनात कुणी दमलं असेल, तर ते इंजिनच.

मी पडद्याकडे बघितलं. तोच जी. मी गिटार उचलून तिच्या सुराला सूर लावला आणि पाठ वळवून बसायचं विसरून लोकांकडे तोंड केलं. घुंगाट वाढला. वाढू दिला.