तिसऱ्या मजल्याचे क्यूब

“साहेब, तिन्ही फेल,” म्हणत पवार माझ्या केबिनच्या दारात उभे राहिले.

गुडगावमधल्या आमच्या टॉवरभोवती तेव्हा अजून मोहरीची शेतं होती. मी क्वालिटी इंजिनिअर. पवार लॅब सांभाळायचे. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले, साइटवर नुकतेच लागलेले.

स्लॅब ओतताना त्याच काँक्रीटचे ठोकळे भरतात. त्यांना क्यूब म्हणतात. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून ते मशीनखाली दाबायचे. ठोकळा किती भार सोसतो, त्यावरून स्लॅबची ताकद कळते. तिसऱ्या मजल्याचे क्यूब फारच लवकर फुटले होते.

आता आतली गोष्ट सांगतो. आमच्याकडे जास्तीचं सिमेंट घालून काही क्यूब वेगळे भरून ठेवलेले असत. टेस्टला तेच जायचे. मी त्याला साइटची पद्धत म्हणायचो. पवारांना ही पद्धत माहीत नव्हती. त्यांनी खरोखर स्लॅबचाच माल भरला होता.

“कोअर काढून बघू या, साहेब,” पवार म्हणाले. म्हणजे स्लॅबमधूनच गोल तुकडा कापून तो तपासायचा. “वर माणसं राहणार आहेत.”

“कोअर काढला की काम बंद. आणि पहिले घरी जाल तुम्ही. मी तुम्हाला वाचवतोय, पवार. ठेवणीतले क्यूब लावा.”

“बिल्कुल नाही. मला वाचवू नका. सही तुमची तुम्ही करा.”

मला भयंकर राग आला. भलं करायला जावं, तर हा माणूस अंगावर येतो! मी ठेवणीतले क्यूब स्वतः मशीनला लावले आणि रिपोर्टवर सही ठोकली. प्रोजेक्ट मॅनेजर खूश. “आप हैं तो टेन्शन नहीं,” म्हणाले. पवारांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. एका माणसाची नोकरी वाचवायला गेलो तर त्यानंच ती लाथाडली, असं मी घरी बायकोला सांगितलं. मला ते अगदी मनापासून खरं वाटत होतं.

पुढे कंपनीनं स्टाफला फ्लॅट देऊ केले. बायकोला नेमका तिसऱ्या मजल्यावरचा आवडला.

“अहो, बाल्कनी बघा ना केवढी! मुलं खेळतील.”

“उजेड कमी आहे,” मी म्हणालो. आम्ही दोघं भर उन्हात उभे होतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी हट्टानं शेजारी दुसऱ्या कंपनीनं बांधलेल्या टॉवरमध्ये घर घेतलं.

तो मजला अजून उभा आहे. तिथल्या बाल्कनीत वाळत घातलेले लहान मुलांचे कपडे माझ्या खिडकीतून दिसतात आणि मला लाज वाटते. घर घेणाऱ्यांना मी आता एकच सांगतो. इंजिनिअरनं कुठे सही केली ते बघू नका, तो आपली मुलं कुठे झोपवतो ते विचारा.