हातानं ढवळलेलं औषध

मंजुषा लग्न होऊन अल्लीपूरला आली त्या वर्षी, १९९४ साली, तिनं सासऱ्यांना प्रथम नीट पाहिलं ते वावरात. अण्णाजी कपाशीवर फवारायचं औषध कोपरापर्यंत हात घालून ढवळत होते.

"मामाजी, काडी घ्या ना."

"काडीले काय समजते? हाताले समजते."

दहा वर्षांनी तोच हात बसल्याजागी थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे; अशा औषधांनी धोका वाढतो, पण यांना त्यामुळंच झाला असं सांगता येत नाही. मंजुषाचा नवरा रजतही हातानंच ढवळायचा. तिनं त्याला काडी घ्यायला सांगितलं.

"म्हातारपणचं दुखणं मले काऊन लावून राह्यली?" तो हसला.

अण्णाजी हसले नाहीत. "काडी घेजो," म्हणाले.

रजत आता काडी नेतो, तरी ती बांधावर जाऊन पाहून येते. अण्णाजींना दोन्ही वेळा तीच भरवते.