तोंड नसलेला खिसा

माझ्या बहिणीने, रोझेलने, लग्न केलं तेव्हा नवऱ्याला रेल्वेत नोकरी होती आणि त्याचं डोकंही ठिकाणावर होतं. नोकरी रीतसर संपली. डोक्याचं काय झालं यावर आम्हा बहिणींचं अजून एकमत नाही. ऑर्टविन, म्हणजे माझा हा मेहुणा, जुने लष्करी कपडे जमवतो.

वेरा नदीकाठच्या आमच्या गावात असं काही ऐकलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि पडायलाच हव्यात. आमच्या आईबापांच्या पिढीने काय पाहिलं आणि काय केलं, ते आम्ही विसरलेलो नाही. पण ऑर्टविनकडे पदकं नाहीत, बिल्ले नाहीत, गरुडाची चिन्हं तर औषधालाही नाहीत. एकदा चकाचक बुटांतला एक गृहस्थ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आतला माल दाखवा की."

ऑर्टविनने त्याच्यापुढे एक मळकट सदरा धरला. "हाच आतला माल. घोड्यांची लीद काढायचा. वास घेऊन बघा, कदाचित अजून येत असेल."

तो गृहस्थ गेला तो पुन्हा फिरकला नाही.

ऑर्टविनला हवे असतात ते फक्त कामाचे कपडे. सैनिकांनी बटाटे सोलताना, तबेले झाडताना, चाकांना वंगण घालताना घातलेले, जाड सुती कापडाचे. आम्ही त्या कापडाला ड्रिलिश म्हणतो. माशाच्या काट्यासारखी वीण, आणि रंग म्हणाल तर पोत्याचा. त्याचे वडील युद्धातून परतले ते असल्याच कपड्यांत. फाटेपर्यंत त्यांनी ते बागेत वापरले, मग आईने फरशी पुसायला घेतले.

"मी त्या फडक्याने सायकल पुसली ग, मार्लीस," त्याने मला एकदा सांगितलं. "परेडचा कोट जो तो जपून ठेवतो. माणूस ज्यात राबला, त्याचं मात्र पोतेरं होतं."

यावर रोझेलचं म्हणणं एवढंच की परक्यांचे सदरे कपाटात आणि घरच्या बाईचे झगे खुर्चीवर, हा कुठला न्याय?

या माणसाचा एक हेका मात्र मलाही पटत नसे. रंगवलेला कपडा तो दारातूनच परत पाठवी. युद्ध संपल्यावर लष्करी कपडे आहेत त्या रंगात घालायला बंदी आली. लोकांकडे दुसरे कपडे होते कुठे? घरोघरी हंड्यात सदरे उकळले, निळे केले, काळे केले, अक्रोडाच्या सालीत तपकिरी केले. जमवणारे लोक असल्या कपड्याला बिघडलेला माल म्हणतात, आणि आमचे साहेबही त्यांतलेच.

आता आल्मूटबद्दल सांगते. आल्मूट ब्रांडाउ पूर्वी पोस्टात होती. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे आणि ती माझी सर्वांत जुनी गिऱ्हाईक. खांदे लाकूडतोड्याचे आणि हात आखूड. कोट खांद्यात बसला की बाही बोटांवर येते, बाही बसली की खांद्यात शिवण उसवते. तिने कोट घेतला की तो आधी माझ्याकडे येणार, मी तोंडात टाचण्या धरणार, ती हात पुढे करणार, हे ठरलेलं. तिच्या आईकडची माणसं सगळी ताडमाड आणि सडपातळ. लहानपणापासून तिला एकच प्रश्न ऐकावा लागला, "ही कुणावर गेली?"

बापावर म्हणावं, तर बाप तिने पाहिलाच नव्हता. ती पाळण्यात असताना तो पूर्वेकडे लढायला गेला आणि बेपत्ता झाला. फोटो होते ते कासेलच्या बॉम्बहल्ल्यात घरासकट जळाले. आईने त्या माणसाबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही. विचारलं की ती भांडी घासायला घेई.

त्या शरद ऋतूत आल्मूट गाव सोडून लेकीकडे राहायला निघाली होती. सामान आवरताना तिला एक छोटं जाकीट सापडलं आणि रविवारी ती ते घेऊन रोझेलकडे आली. आम्ही प्लमचा केक खात बसलो होतो.

"हे मी पहिलीत घालत होते," ती म्हणाली. "आई जाताना एवढंच बोलली की तुझ्या बापाच्या सदऱ्यातून शिवलं होतं. शेवटच्या सुट्टीत लाकडं फोडून त्याने तो गावाकडच्या कोठारातच टाकला होता म्हणे. ऑर्टविन, तुम्हाला यातलं कळतं. याच्यावरून त्याच्याबद्दल काही सांगता येईल? काहीही चालेल. मला तो माणूस कसा होता, एवढंही ठाऊक नाही."

ऑर्टविनने जाकीट हातात घेतलं. गडद तपकिरी रंग. त्याचा चेहरा पडला.

"आल्मूटबाई, हे रंगवलेलं आहे. शिवाय कापून लहान केलंय. रंगवलेलं मी..."

"ऑर्टविन!" मी म्हणाले. "पुढचा शब्द काढलास तर केकचा दुसरा तुकडा मिळणार नाही."

रोझेलने थाळी खरोखरच आपल्याकडे ओढली.

तो ओशाळला. चष्मा पुसून त्याने जाकीट खिडकीशी नेलं, उलटसुलट केलं, आणि छातीवरच्या खिशात बोट घालायला गेला. बोट आत जाईना.

आल्मूट हसली. "त्याला तोंडच नाही! चारही बाजूंनी शिवलाय. शाळेत पोरं चिडवायची, मुका खिसा म्हणून. मी एकदा दातांनी उसवायला गेले, तर आईने अशी थोबाडीत दिली! एरवी तिने कधी हात उगारला नाही."

मी जाकीट ओढून घेतलं. कापडाची लव आलेली बाजू आत होती. म्हणजे तिच्या आईने कापड उलटून शिवलं होतं. झिजलेली बाजू आत, कोरी बाहेर. त्या काळी सगळ्याच बाया तसं करायच्या. मी ते बोलून दाखवलं मात्र, ऑर्टविन ताडकन उभा राहिला.

"मग शिक्का बाहेर आला असणार!"

"कसला शिक्का?" आल्मूटने विचारलं.

"सदऱ्याच्या आत छातीपाशी मापं छापत. गळा, छाती, पाठ, बाही. कापड उलटलं की तो शिक्का बाहेरच्या अंगाला येतो. तुमच्या आईने तो झाकला. हा खिसा नव्हेच, झाकण आहे."

"झाकायचा कशाला? तेवढा भाग कापून टाकता आला असता," रोझेल म्हणाली.

आल्मूटने जाकिटावर तळहात ठेवला.

इतकी वर्षं शिक्क्यांच्या मागे वेडा झालेला हा माणूस, पण त्याने कात्रीला हात लावला नाही. "टाके तुमच्या आईचे आहेत," तो म्हणाला. "उसवायचे की नाही, तुम्ही ठरवा. आणि एक आधीच सांगतो. लष्करात मापाचाच कपडा मिळे असं नाही. आकडे सापडले तरी ते त्याचेच असतील, याची खात्री नाही."

आल्मूटने त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळली. "मार्लीस, तू कर. पण सगळा काढू नकोस."

रोझेलची शिवणाची डबी घेऊन मी तीनच बाजू उसवल्या. चौथी तशीच ठेवली, म्हणजे दार उघडावं तसा तो खिसा उघडला. आत कापड फिकट राहिलं होतं आणि त्यावर काळ्या शाईतले आकडे, थोडे पुसट, पण वाचता येण्याजोगे. ऑर्टविन भिंग घेऊन वाकला.

"छाती रुंद. चांगलीच रुंद," तो पुटपुटला. "आणि बाही... हे कसं शक्य आहे? एवढ्या छातीला एवढी आखूड बाही?"

हे माप मला ओळखीचं होतं. कितीतरी कोटांवर मी ते खडूने आखलं होतं. पण ते बोलायचा हक्क माझा नव्हता, म्हणून मी जीभ आवरली.

ऑर्टविन वरच्या खोलीत गेला. कपाटं उघडल्याचे, खुर्ची ओढल्याचे, रोझेलचे झगे पडल्याचे आवाज आले. मग तो एक पोत्याच्या रंगाचा सदरा घेऊन खाली आला. "तंतोतंत हीच मापं. असा दुसरा माझ्याकडे नाही. दर वेळी वाटायचं, हा कुठल्या विचित्र माणसासाठी शिवला असेल."

त्याला वाटलं होतं, सदरा खुर्चीच्या पाठीला अडकवावा, म्हणजे तिला अंदाज येईल. पण आल्मूटने तो त्याच्या हातातून घेतला आणि सरळ अंगात चढवला. बटणं लावली. रोझेलच्या मोठ्या आरशासमोर उभी राहिली.

खांद्याची शिवण खांद्यावर बसली होती. पाठीत एक चुणी नव्हती.

"अगं बाई," ती आरशाकडे बघत म्हणाली. "तुम्ही होय ते."

ती रडत होती आणि हसतही होती. मीही रडले, लाजायचं काय त्यात. ऑर्टविन नाक शिंकरत राहिला आणि सर्दीला दोष देत राहिला.

तो सदरा आल्मूटबरोबर लेकीच्या गावाला गेला. तिने परत द्यायचा प्रयत्न केला, पण ऑर्टविनने ऐकलं नाही. छोटं जाकीट मात्र ती त्याच्याकडे ठेवून गेली. खिसा मी तिच्या आईच्याच टाक्यांच्या भोकांतून पुन्हा शिवला. आता त्या जाकिटाशेजारी निळे, काळे, तपकिरी सदरे येऊन बसलेत. रंगवलेलं काही असेल तर आणा, असं ऑर्टविन आता स्वतः लोकांना सांगतो. रोझेलला आणखी एक कपाट घ्यावं लागलं आणि ते तिने पहिल्याच दिवशी आपल्या झग्यांनी भरून टाकलं.

पण मला आठवते ती आरशासमोरची आल्मूट. ती माझ्याकडे वळली आणि सवयीने दोन्ही हात पुढे केले. मीही सवयीने टाचण्या तोंडात धरून पुढे झाले होते. बाही बरोबर मनगटावर आली होती. मी टाचण्या एकेक करून डबीत परत ठेवल्या.