हळदीत दिलेला पत्ता

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि माझी बायको म्हणजे — शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर ते कुणामुळे गेलं हे भिंतीअलीकडून सांगणारी बाई! तिच्यापासून एवढी वर्षं लपवलं, म्हणजे बघा.

आधी माझ्या तोंडाबद्दल ऐका. मी डोंबिवलीत सोडलेली थाप कल्याणला पोचायची आणि परत येताना अशी बाळसेदार होऊन यायची, की माझी मलाच ओळखू यायची नाही. खोटं बोलायचो म्हणता? छे! खऱ्याला फोडणी द्यायचो. पण एकदा — नाही, क्रमाने सांगतो.

नव्वद सालच्या आसपास कंपनी मला मस्कतला पाठवणार होती, आणि माझ्या पासपोर्टची मुदत संपत आलेली. तेव्हा मुदत वाढवून मिळायची, पासपोर्टच्याच पानावर शिक्का आणि सही. रांगेत उभं राहणं मला कमीपणाचं वाटलं. ठाण्याला कोर्टामागे एक एजंट बसायचा. अंगात सफारी, भिंतीवर विमानाचं कॅलेंडर, टेबलावर पृथ्वीचा गोल. त्याने तो गोल एका बोटाने गर्रकन फिरवला आणि मी पासपोर्ट देऊन मोकळा झालो. पावती? माझ्यासारख्याने पावती मागायची?

पासपोर्ट शिक्क्यासकट आला. एजंट स्वतः घरी देऊन गेला, त्याची गाडी आमच्या गल्लीत मावेना म्हणून नाक्यावर उभी करावी लागली — असं मी सगळीकडे सांगितलं. गाडी कसली! ठाण्याला खेपा घालून माझ्याच चपला झिजल्या होत्या.

मग कंपनीत व्हिसाचं काम बघणाऱ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. "शिक्का खोटा आहे हा. विमानतळावर धरतील तुला."

काय केलं मी? गुपचूप पासपोर्ट ऑफिस गाठलं, रांगेत उभा राहिलो, हात जोडले, शिव्या खाल्ल्या, नवा पासपोर्ट मिळवला. तिथे एजंटचं नाव विचारलं तेव्हा म्हणालो, आठवत नाही. नाव दिलं असतं तर साक्ष आली असती, आणि साक्ष आली की बोभाटा — मला कुणीतरी बनवलं! मला!

मोरेश्वर म्हात्रे ठाकुर्लीचा. पूर्वी आमच्याच कंपनीत क्रेन चालवायचा, मग दुबईला लागला. त्याच सुमारास बहिणीच्या लग्नासाठी सुट्टीवर आलेला. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी — अख्खा गाव, बँजो, मटणाची पातेली, आणि मांडवात मधोमध खुर्ची टाकून मी. मस्कत अजून पाहिलं नव्हतं, तरी तिथल्या गोष्टी सांगत होतो.

"दादा, ती पासपोर्टवाल्याच्या गाडीची सांगा ना!" मोरेश्वरची आई म्हणाली. सांगितली. या खेपेला गाडीला पडदे लावले.

मोरेश्वर माझ्याकडे वाकला. हाताला हळद तशीच. "दादा, माझी पन मुदत संपतेय. त्यो मानूस भरवशाचा हाय ना?"

इथे — इथे थांबता आलं असतं. त्याचा कान माझ्या तोंडाशी होता. 'नको, तू स्वतः जा,' एवढं पुटपुटलो असतो तरी पुरलं असतं. पण सगळा मांडव बघत होता ना! मी मोठ्याने म्हणालो, "माझं नाव सांग. उठून खुर्ची देईल तुला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पत्ता दिला, खाणाखुणांसकट.

त्याला विमानतळावर धरलं. पासपोर्ट जप्त, चौकशी, जबाब. नोकरी थांबते होय कुणासाठी? गेली. कोर्टामागे बघावं तर एजंट गायब, पृथ्वीसकट.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, जीभ सैल, दुसरं काय. पण मी मस्कतला निघायच्या आधी तो माझ्या घरी आला. भांडायला नव्हे. "दादा, तुमचा काम कसा काय बरोबर झाला?" खरंच विचारत होता हो. आणि मी — त्याच्या डोळ्यांत बघून — म्हणालो, "मोऱ्या, तू माझं नाव नीट सांगितलं नसशील."

तो विचारात पडला. "सांगला व्हता... पन गर्दी व्हती तिथं. माझाच चुकला असंल."

मी मान डोलावली. हिने चहा आणला, तो प्यायला. उठताना म्हणाला, "सांभाळून जावा, दादा."

पुढे बऱ्याच वर्षांनी आंबिवलीला एका लग्नात पंगतीत आम्ही शेजारी बसलो होतो. एक पोरगा परदेशी निघालेला. मोरेश्वर त्याला समजावत होता, वशिला असला तर नाव मोठ्याने घ्यावं रे, मी तिथंच चुकलो. पोराने माझ्याकडे पाहिलं. मी भात कालवत राहिलो.

मोरेश्वर परत दुबईला गेला नाही. मी मस्कतला गेलो, आलो, पुन्हा गेलो. तो शिक्का खोटा असतो हे मला हळदीतही ठाऊक होतं, आणि तो माझ्या घरात चहा पीत होता तेव्हाही.