दाजींनी न चिडता खेळलेला सामना

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, गोल्फ खेळतात असं जळगावात कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "इथे? कुठे?" प्रश्न रास्त आहे. ज्या भागात उन्हाळ्यात गवताला स्वतःचा जीव वाचवायची मारामार, तिथे गोल्फ कसला खेळणार? पण वरणगावच्या अलीकडे एक सूतगिरणी बंद पडून आहे, तिच्या मागे बरीच पडीक जमीन आहे, आणि त्या जमिनीवर आमच्यासारख्या काही रिकामटेकड्यांनी मालकाच्या परवानगीने नऊ भोकं खणली आहेत. त्याला आम्ही मैदान म्हणतो. रस्त्याने जाणारे काय म्हणतात, ते आम्ही विचारत नाही.

टीव्हीवरचं गोल्फ हिरवंगार असतं, आमचं तपकिरी आहे. भोकाभोवती जिथे मऊ हिरवळ असायला हवी, तिथे आम्ही वाळू पसरतो आणि ती उडू नये म्हणून तिच्यात गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल कालवतो. या गोल तुकड्याला ब्राऊन म्हणतात. ब्राऊनवर पावलं उमटतात, चेंडूच्या रेघा उमटतात. म्हणून भोकात चेंडू ढकलायच्या आधी खेळणाऱ्याने गोणपाट गुंडाळलेली एक फळी घ्यायची आणि चेंडूपासून भोकापर्यंत ओढत नेऊन वाट सपाट करायची. ज्याची वाट त्यानेच करायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, असा आमच्याकडचा नियम आहे. आणखी एक नियम भेगांचा. काळ्या मातीच्या भेगेत चेंडू गेला आणि हाताला लागला नाही, तर नवा घ्यायचा आणि गेलेल्याचं दुःख करायचं नाही.

दुःख मात्र सगळेच करतात. एरवी एकटे खेळताना फटका चुकला तर माणूस मान हलवतो आणि पुढे चालू लागतो. पण चार जण बघत असले आणि सामना अटीतटीचा असला की त्याच माणसाचं खरं रूप बाहेर येतं. आमच्यातले एक निवृत्त मास्तर चुकलेल्या फटक्याकडे असे बघतात, जणू तो शेजाऱ्याच्या मुलाने मारला आहे. एक जण लगेच बुटाची नाडी बांधायला बसतो, ती सुटलेली नसली तरी. मी स्वतः चिडत नाही, मी कारणं देतो. वारा होता, ऊन डोळ्यांवर होतं, मागे कुणीतरी खोकलं. माझी कारणं ऐकून कंटाळलेले लोक पुढे निघून जातात आणि मी उरलेलं कारण बॅगेला सांगतो.

पण चिडावं तर दाजींनी. ते रेल्वेतून निवृत्त झाले. हा खेळ नोकरीत बदलीच्या गावी शिकले आणि चिडणं बहुधा उपजतच होतं. फटका चुकला की त्यांचे कान आधी लाल होतात. मग टोपी जमिनीवर. मग चेंडूला उद्देशून, आवाज चढवून, "कोठे चालना रे? तुना बाप बठेल शे का तथा?" चेंडूचा बाप झाला की काठीचा नंबर लागतो, मग उन्हाचा, मग आपल्याला डावलून ज्याला बढती मिळाली त्या कोण्या साहेबाचा, आणि सगळ्यात शेवटी माझा, कारण मी जवळ उभा असतो. हे सगळं बोलत बोलत ते ब्राऊनपर्यंत पोचतात, गोणपाटाची फळी उचलतात आणि सगळ्या अंगाचा भार टाकून अशी करकचून ओढतात की वाळू सिमेंटसारखी बसते. त्यानंतर चेंडू भोकात जातो आणि दाजी टोपी झटकून डोक्यावर घालतात. तोवर राग संपलेला असतो. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की ते चिडले नाहीत तर तब्येत बरी नाही का, असं विचारायचो.

मागच्या वर्षी खरंच तब्येत बिघडली. घरी जेवताना त्यांना छातीत त्रास झाला, रात्रीच दवाखान्यात न्यावं लागलं आणि अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं की चालणं चांगलं, खेळणंही चालेल, पण डोकं शांत ठेवायचं. चालायचं कसं हे दाजींना माहीत होतं. डोकं शांत कसं ठेवायचं, याचं गोळ्यांच्या पाकिटावर काही लिहिलेलं नव्हतं.

इथून अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, मैदानात उतरली. तोवर तिला वाटत होतं की हे लोक तिथे उन्हात फिरतात आणि चहा पितात. दाजी चेंडूशी काय बोलतात हे तिला कुणीतरी जसंच्या तसं ऐकवलं. (मी नाही. लोकांना माझ्यावर संशय आहे.) तिने काठ्यांची बॅग कपाटात ठेवून कुलूप लावलं. दाजींनी बऱ्याच विनवण्या केल्या. शेवटी ती म्हणाली, "धुळ्याच्या लोकांबरोबरचा सामना खेळा. मी स्वतः येऊन बसते. एकदाही चिडला नाहीत, तर पुढे दर रविवारी जा. आणि चिडलात, तर काठ्या भंगारात. मग मला विचारू नका."

बाहेरच्याला यात गंमत वाटेल. मलाही वाटली. पण निवृत्तीनंतर त्या माणसाकडे उरलं काय होतं, ते मला माहीत होतं. मुलगा दूर, सून नोकरीवाली, भाजी आणायचं काम अक्का त्यांच्यावर सोपवत नाही. शनिवारी संध्याकाळी ते चेंडू बादलीत टाकून साबणाने धुवायचे, एकेक पुसून उन्हाळी वाळवणासारखे टॉवेलवर मांडायचे, आणि आठवड्यातला तेवढाच वेळ शीळ घालायचे. ही शीळ बंद झालेली मला नको होती. खरं सांगायचं तर त्या सामन्यात जळगाव जिंकलं काय नि हरलं काय, याची मला फिकीर नव्हती. दाजी चिडू नयेत, एवढंच मी मनात घोकत होतो.

धुळ्याच्या मंडळींशी आमचा सामना हिवाळ्यात होतो. हरणाऱ्यांनी भरीत-पुरीचा बेत करायचा, अशी रीत आहे. त्या दिवशीही मैदानाच्या कडेला कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकली होती आणि कुणाच्या खर्चाने टाकली, हे संध्याकाळपर्यंत ठरायचं होतं. दाजींच्या समोर धुळ्याचे शेठ होते. मूळचे राजस्थानकडचे, कापडाची पेढी, तीन पिढ्या धुळ्यात. त्यांची तऱ्हा वेगळीच. फटका चुकला की ते दोन्ही हात पसरून हसतात आणि "चालतं, चालतं" म्हणतात. कापडाचे सगळे तागे उलगडून गिऱ्हाईक काहीच न घेता निघून गेलं की दुकानदार जसा हसतो, तसं ते हसू असतं. चेहरा हसरा, पण पुढच्या भोकापर्यंत कुणाशी अक्षर बोलत नाहीत.

अक्का निंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसली. हातात थर्मास, नजर दाजींच्या कानांवर.

पहिलाच फटका बाभळीत गेला. मी डोळे मिटून घेतले. टोपी पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून उघडले. दाजी निंबाकडे तोंड करून हसत होते. पासपोर्टच्या फोटोतही माणूस याहून मोकळा दिसतो. "वा," ते म्हणाले, "छान गेला."

पुढचा फटका भेगेत गेला. दाजींनी वाकून भेगेत पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे विचारलं, "आपण आत आहात का?" मला हसू आवरेना. राग जितका वर चढत होता, तितकी चेंडूची इज्जत वाढत होती. चेंडू 'तू'चा 'आपण' झालाच होता, पाचव्या भोकाला 'अहो' झाला, आणि सहाव्याला एक फटका उताराला लागून मागे परत आला तेव्हा दाजी बाजूला सरून म्हणाले, "या, या. बसा." कान मात्र मिरचीसारखे लाल. शेठना वाटलं, जळगावची माणसं भलतीच सुसंस्कृत. त्यांनी मला हळूच तसं सांगितलंही.

आणि दाजी चांगले खेळत होते. म्हणजे वाईट खेळत होते, पण शेठ त्याहून वाईट खेळत होते. शेवटच्या भोकापाशी दोघे बरोबरीत आले. बाकीच्यांचे सामने संपले होते, तिथेही बरोबरीच होती, त्यामुळे सगळी मंडळी ब्राऊनभोवती गोळा झाली. शेठचा चेंडू भोकात गेला. दाजींचा भोकापासून दोन-तीन हातांवर होता. तो आत गेला की पुन्हा बरोबरी, आणि खेळ पुढे चालू. असा चेंडू ते झोपेतही घालतील.

दाजींनी फळी उचलली. समोरच निंब, निंबाखाली अक्का. एरवी या फळीवरच त्यांचा सगळा राग निघायचा. फळी जोरात ओढली तर तो राग दिसेल, अशी भीती त्यांना वाटली असणार, कारण त्यांनी ती इतक्या अलगद ओढली की जणू झोपलेल्या बाळावर कुणी पांघरूण घालावं. वाळू दबलीच नाही. फळीच्या कडेने एक बारीक वरंबा तेवढा उठला आणि भोकाच्या अलीकडे तो वाटेत आडवा येऊन थांबला. दाजींनी काठी हलवली. चेंडू सरळ निघाला, वरंब्यावर चढला, त्याच्या कडेकडेने घरंगळला आणि भोकाला बगल देऊन पलीकडे जाऊन थांबला.

शेठनीसुद्धा "चालतं" म्हटलं नाही.

आम्ही सगळे टोपीकडे बघत होतो. टोपी डोक्यावरच राहिली. दाजींनी चेंडूला 'अहो' म्हटलं नाही, 'छान' म्हटलं नाही, अक्काकडे बघून ते हसलेही नाहीत. काठी खाली ठेवून ते ब्राऊनच्या कडेला मातीतच बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहिले. मला वाटलं, जमलं! शेवटचा चेंडूसुद्धा न चिडता गेला. आता काठ्या वाचल्या, रविवार वाचले. मी अक्काला अंगठा दाखवायला निंबाकडे वळलो.

अक्का खुर्चीत नव्हती. ती चालत येत होती, म्हणजे जवळजवळ धावतच, साठीतली बाई पदर खोचून. थर्मास मागे आडवा पडला होता. आमच्यापैकी कुणाकडे न बघता ती ब्राऊनवरून सरळ दाजींपाशी गेली आणि त्यांचा खांदा धरून हलवायला लागली.

"ओ, काय व्हयनं? बोला ना काही! असा गप नका बसा."

अक्का चारचौघांत कधी अहिराणीत बोलत नाही. भडगावचं माहेर सोडून कितीतरी वर्षं झाली, बाहेर तिचं बोलणं अगदी शाळेतल्या बाईंसारखं.

दाजी म्हणाले, "काही नाही. मी चिडलो नाही."

"माले माहीत शे. चिडा ना मग! त्या दिन बी तुम्ही असाच गप बठेल व्हतात."

मग ती तुटक तुटक जे बोलली, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दाजींना छातीत त्रास झाला त्या रात्री वांग्याच्या भाजीत मीठ टाकायचं ती विसरली होती. दाजी ती अळणी भाजी मुकाट्याने खात राहिले. ना ताट सरकवलं, ना आवाज चढवला. आज शांतपणे जेवताहेत, देव पावला, असं म्हणून ती आत पोळ्या करत राहिली. बाहेर आली तेव्हा ते असेच गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, आणि घामाने शर्ट ओला झाला होता.

ती आता रडत होती आणि रडता रडता चिडत होती. चेंडू उचलून तिने त्याला विचारलं, "सरळ जावाले काय व्हयनं व्हतं तुले?" मग माझ्याकडे वळून, "आन तू काय देखी राह्यना?" शेठ पाहुणे म्हणून वाचले. ते हात जोडून दोन पावलं मागे सरकले होते.

दाजी तिच्याकडे बघत होते. मग त्यांची नजर खाली गेली, तिच्या पायांपाशी, आणि हळूहळू त्यांचे कान लाल झाले.

"अगं, चपला!" ते ओरडले. "ब्राऊनवर चपला घालून कुणी येतं का? सकाळपासून आम्ही हे सपाट करतोय, आणि तू म्हशीसारखी मधून... ती टाच बघ! भोकाच्या तोंडावर टाच! आता हे कोण नीट करणार, तुझा भाऊ?"

ते उठून उभे राहिले. टोपी जमिनीवर पडली. टाचेच्या खड्ड्यावरून ते ऑइलच्या वाढत्या भावावर गेले, तिथून त्या बढतीवाल्या साहेबावर. अक्का हलली नाही. चपला तशाच, हात त्यांच्या खांद्यावर तसाच, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि चेहऱ्यावर असं समाधान, की मी तिला इतकं सुखात फार क्वचित पाहिलं असेल. ते श्वास घ्यायला थांबले, तेव्हा ती म्हणाली, "अजून बोला."